मुलाला ‘रिलिजस स्टडीज’मध्ये मेजर करायचंय, भर ख्रिस्ती धर्मावर. अनुभव सांगा

भिंगारची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची नगरची, भिंगारची. सध्या आम्ही अमेरिकेत मिडवेस्टमध्ये असतो. मुलगा इथल्या एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर सायन्स करायचं असं ठरवून गेला होता. मानव्यविद्येचा एखादा विषय घ्यावाच लागतो म्हणून पहिल्या वर्षी बायबलच्या नव्या करारावरचा कोर्स घेतला, पुढच्या सत्रात ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या पाच शतकांचा इतिहास घेतला, आणि आता म्हणतो मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ‘रिलिजस स्टडीज’च करणार, भर ख्रिस्ती धर्मावर. मे महिन्याच्या आत विद्यापीठाला कळवायचं आहे.

आम्ही प्रॉटेस्टंट. माझे आजोबा नगर जिल्ह्यात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. सासूबाईंना वाटतंय नातूही पाळक होणार, त्या भलत्याच खुशीत आहेत. नवऱ्याला पोटापाण्याची चिंता. माझी चिंता निराळी आहे. परवा जेवताना मुलगा सांगत होता की बायबलमधली प्रेषित पौलाच्या नावावर असलेली सगळी पत्रं पौलाने लिहिली असं अभ्यासक मानत नाहीत. लहानपणी रविवारच्या शाळेत ज्याने वचनं पाठ केली त्या मुलाच्या तोंडून हे ऐकून मी गप्प झाले.

या शाखेत नेमकं शिकवतात काय? पुढे काय करता येतं? आणि श्रद्धेच्या घरात वाढलेलं मूल यातून गेलं की त्याचं काय होतं? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

तिसरी_घंटा

आधी डबल मेजर जमतंय का बघा. कॉम्प्युटर सोडायची गरजच नाही कदाचित.

हिशेबनीस

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चार वर्षांची फी, राहणं, खाणं एवढं सगळं घालून जे शिकायचं ते वाचनालयातून पुस्तकं आणून घरी वाचता येतं. छंद म्हणून उत्तमच आहे. पण डोक्यावर कर्ज घेऊन? माझ्या भाच्याने तत्त्वज्ञान घेतलं होतं, पदवीनंतर दोन वर्षं धडपडला आणि शेवटी पुन्हा वेगळा अभ्यासक्रम केला.

कॅलिफोर्नियाचा_कोकणी

@भिंगारताई, तुमच्या घरी प्रत्येक जण वेगळ्याच अभ्यासक्रमाची कल्पना करतोय असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत याचे साधारण तीन रस्ते आहेत. पहिला सेमिनरी किंवा डिव्हिनिटी स्कूल, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा. हे पदवीनंतरचं शिक्षण. पाळक व्हायचं तर तीन वर्षांचं एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) करतात. दुसरा, चर्चशी जोडलेल्या विद्यापीठातला थिऑलॉजी (धर्मशास्त्र) विभाग. तिथे श्रद्धा गृहीत धरून तिच्या आतून विचार करायला शिकवतात. नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ, तिथे इंजिनिअरिंगच्या मुलांनाही थिऑलॉजी शिकावीच लागते. तिसरा रस्ता तुमच्या मुलाचा, सरकारी विद्यापीठातला ‘रिलिजस स्टडीज’. इथे प्राध्यापक ख्रिस्ती असो, ज्यू असो, नास्तिक असो, वर्गात धर्माकडे इतिहास, ग्रंथ आणि समाज या अंगांनीच बघायचं.

या तिसऱ्या प्रकाराच्या वाढीला एका खटल्याचा मोठा हातभार आहे. १९६३ साली अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत भक्तीचा भाग म्हणून बायबल वाचून घेणं घटनाबाह्य ठरवलं. पण त्याच निकालात हेही म्हटलं की धर्माचा आणि बायबलचा वस्तुनिष्ठ अभ्यास करायला घटनेची आडकाठी नाही. त्यानंतर सरकारी विद्यापीठांतून असे विभाग झपाट्याने उभे राहिले. आमच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतला १९६४चा.

थोडक्यात, सासूबाईंना हळूच सांगा की या पदवीने नातू पाळक होत नाही. व्हायचंच असेल तर तो दरवाजा पुढेही उघडा आहे.

अबोली_७

हे कोणीतरी आमच्या घरी आधी समजावून सांगायला हवं होतं. :) मस्त प्रतिसाद.

सह्याद्रीपुत्र

भारतातल्या मुलांनी परदेशात जाऊन आपलं सोडून बायबल शिकायचं, आणि

(उरलेला मजकूर काढला आहे. धागा एका आईने मुलाच्या शिक्षणाबद्दल काढला आहे. धर्मांतरावरचे वाद इथे नकोत. – संपादक)

जास्वंद

संपादक, आभार. वरच्या शंकेचं उत्तर मी अनुभवाने देते, कारण आमचं घर हिंदू आहे आणि मुलगी कॅथलिक विद्यापीठातून शिकली. थिऑलॉजीचे दोन कोर्स सक्तीचे होते. माझ्या आईने फोनवर काळजी केली होतीच. दोन वर्षांनी मुलगी सुट्टीत पुण्याला गेली आणि आजीला खोदून खोदून विचारत बसली की हरतालिकेचा उपास कधीपासून, कोणी सांगितला, पोथीत काय आहे आणि तू प्रत्यक्षात काय करतेस. आजीला इतकं कौतुकाने त्याआधी कुणीच विचारलं नव्हतं. संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताला वाचून मुलगी ख्रिस्ती झाली नाही. देवाधर्माबद्दल नीट प्रश्न विचारायला मात्र शिकली.

करड्या_पेन्सिली

मी हेच मेजर केलंय. तेही सरकारी विद्यापीठातून आणि तेही श्रद्धावान घरातून. त्यामुळे हा धागा वाचून राहवेना.

आधी ‘शिकवतात काय’ ते सांगते. नव्या कराराच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक मोठा कागद दिला होता. त्यावर तीन रकाने, मत्तय, मार्क आणि लूक, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी तीन शुभवर्तमानं. प्रसंग येशूच्या बाप्तिस्म्याचा. तिघांत असलेला मजकूर एका रंगाने रंगवायचा, दोघांतच असलेला दुसऱ्या, एकट्यातच असलेला तिसऱ्या. मला हा प्रसंग तोंडपाठ होता, त्यामुळे सोपं वाटलं. रंगवता रंगवता लक्षात आलं की बाप्तिस्मा देणारा योहान येशूला अडवतो, मीच आपल्याकडून बाप्तिस्मा घ्यायचा तर आपण माझ्याकडे येता काय असं म्हणतो, ते फक्त मत्तयात आहे. मार्क आणि लूक यांच्याकडे ती ओळच नाही. सरांनी एवढंच विचारलं, “मत्तयाला ही ओळ का लागली असेल?” पापांच्या क्षमेसाठी असलेला बाप्तिस्मा निष्पाप येशूने का घेतला, हा प्रश्न त्याच्या वाचकांना पडला असेल का? तासभर चर्चा झाली. तेव्हापासून मी शुभवर्तमान नुसतं ऐकत नाही, कोण कुणाला सांगतंय हेही ऐकते.

अशाच गोष्टी पुढे येतात. सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनावर थांबतं, आपल्या बायबलमधली पुढची वचनं त्यांत नाहीत. पौलाच्या नावाची १३ पत्रं आहेत. त्यांतली सात, म्हणजे रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला लिहिलेलं, ही त्याचीच असं जवळजवळ सगळे अभ्यासक मानतात. बाकीच्यांबद्दल वाद आहेत, आणि ते वाद कशावरून घालतात हेच शिकायचं असतं. भाषा, शैली, मंडळीची रचना, आधीच्या पत्रांशी मेळ. मुलगा जेवताना जे बोलला ते हेच.

आता श्रद्धेचं. ताई, पहिलं वर्ष जड गेलं. खोटं कशाला सांगू. चर्चमध्ये बसून मनात रकाने रंगवत होते. काही जणांची श्रद्धा खरोखर सुटली, काहींची घट्ट झाली, माझी बदलली. मी आजही उपासनेला जाते. ज्यांनी ही पत्रं नकलून काढली, जपली, छळ सोसून हातोहात पोचवली, ती माणसं आता मला दिसतात. मला सर्वांत जास्त त्रास झाला तो घरी याबद्दल बोलता यायचं नाही याचा. प्रश्न विचारला की बाबा विषय बदलायचे. तुम्ही जेवणाच्या टेबलावर ऐकून घेतलंत, तेवढं तरी चालू ठेवा.

भिंगारची_लेक

पेन्सिलीताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्यालाही वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला. मनापासून धन्यवाद.

हिशेबनीस

@करड्या_पेन्सिली, लिहिलंय सुंदर. पण मुद्दा तिथेच आहे. हे रकाने घरी रंगवता आले नसते का? आणि आता तुम्ही काय करता?

करड्या_पेन्सिली

रकाने घरी रंगवता आले असते. पण मी लिहिलेल्या प्रत्येक पानावर ‘हे कशावरून?’ असा शेरा मारणारं घरी कोणी नव्हतं. ग्रीक तर एकटीने पहिल्या महिन्यातच सोडून दिलं असतं. आता मी वकील आहे. जुन्या मजकुरातलं एकेक वाक्य धरून दोन्ही बाजूंनी भांडायची सवय तिथेच लागली.

वसईचा_पोर

आमच्या वसईत ‘थिऑलॉजी’ म्हटलं की लोक एकदम फादरच समजतात. पोरगा सेमिनरीत गेला, आधी तत्त्वज्ञान, मग थोडी वर्षं प्रत्यक्ष काम, मग थिऑलॉजी, मग गुरुदीक्षा. पण हल्ली धर्मभगिनी आणि संसारी माणसंही शिकतात. पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. श्रीलंकेतल्या कँडीहून पेपल (पोपची) सेमिनरी १९५५ साली पुण्यात हलवली, तिचीच ही परंपरा.

बाय द वे, भिंगारताई, तुमच्याकडे नाताळला करंज्या की आमच्यासारख्या फुग्या?

भिंगारची_लेक

करंज्या, शंकरपाळी आणि अनारसे! आणि रात्रभर रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं, पेटी आणि टाळांवर.

अबोली_७

फुग्या म्हणजे काय? पाककृती द्या.

वसईचा_पोर

मैदा, अंडी, नारळाचं दूध, आंबवून हाताने गोळे सोडायचे तेलात. वेगळा धागा काढतो.

सोपानकाका

प्रॉटेस्टंट बाजूचं मी सांगतो. आमच्या मंडळीतली पोरं सेरामपूरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करतात. सेरामपूर कॉलेज केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली काढलं. गाव तेव्हा डेन्मार्ककडे होतं, म्हणून १८२७ साली डेन्मार्कच्या राजाकडून पदवी द्यायची सनद मिळाली. आजही देशभरातली थिऑलॉजीची कॉलेजं त्यांच्या सिनेटशी जोडलेली आहेत. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती १९८३ साली यवतमाळहून पुण्यात आली.

तिसरी_घंटा

श्रीरामपूरला एवढं मोठं कॉलेज आणि मला पत्ता नाही? माझं आजोळ बेलापूरला!

सोपानकाका

अहो, ते नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. बंगालमधलं, हुगळीकाठचं. पण आपला संबंध आहेच. याच केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी शब्दकोश छापला.

निरंजन_के

एक प्रामाणिक प्रश्न. भर ख्रिस्ती धर्मावरच का? धर्माचा अभ्यास करायचा तर सगळ्या धर्मांचा करावा. एकच धर्म, तोही स्वतःच्या घरातला घेतला तर तटस्थपणा राहील का?

कॅलिफोर्नियाचा_कोकणी

@निरंजन, मेजर म्हणजे एकाच धर्माचे कोर्स नव्हेत. बहुतेक विभागांत किमान दोन-तीन परंपरा घ्याव्याच लागतात आणि ‘धर्म म्हणजे काय, त्याचा अभ्यास कसा करतात’ हा सिद्धान्ताचा कोर्स वेगळा असतो. त्यात दर्खाइम, वेबर असे समाजशास्त्रज्ञ येतात. एकावर भर द्यायचा कारण ग्रंथ मुळातून वाचायचे तर भाषा लागतात, आणि एका पदवीत पाच परंपरांच्या भाषा कुणालाच येत नाहीत.

राशोलची_वाट

तटस्थपणाचा मुद्दा निघालाच आहे तर मीही लिहिते. मी हिंदू घरातली, मूळ डोंबिवलीची, आणि माझा पीएच.डी.चा विषय आहे गोव्यातलं सोळाव्या-सतराव्या शतकातलं ख्रिस्ती मराठी साहित्य. बाहेरून अभ्यास करणाऱ्याला जे दिसत नाही ते आतल्याला दिसतं, आणि उलटही. दोघंही हवेत. आतल्याने मात्र स्वतःच्या आवडत्या गोष्टीलाही पुरावा मागायची तयारी ठेवायची.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक संघातला धर्मगुरू) १५७९ साली गोव्यात आला. त्याचं ख्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांत सांगितलेली बायबलची कथा, १६१६ साली गोव्यातल्याच राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं. या तिन्ही छपायांची एकही प्रत आज हाती नाही. जे आहे ते हस्तलिखितांतून, आणि १९०७ साली मंगळूरला जी आवृत्ती निघाली तीही हस्तलिखितांवरूनच. आता विचार करा, यावर काम करायचं तर जुनी मराठी हवी, पोर्तुगीज हवी, लॅटिन हवी, बायबल कसं वाचायचं ते ठाऊक हवं आणि आपली पुराणं व संतसाहित्यही. एवढं सगळं येणारी माणसं फार थोडी आहेत. मराठीतून नुसता वाङ्मय म्हणून अभ्यास करणारे थिऑलॉजीपाशी अडतात, आणि थिऑलॉजीवाले ओवीपाशी.

ताई, म्हणून तुमचा मुलगा मला फार मोलाचा वाटतो. घरात मराठी आहे, पाळकांची परंपरा आहे, आणि पद्धतशीर शिक्षण घ्यायची त्याची स्वतःहून इच्छा आहे. मराठी ख्रिस्ती इतिहास दोन टोकांनी लिहिला गेलाय, एकीकडे मिशनचं गुणगान आणि दुसरीकडे नुसता आरोप. मधल्या जागेत कागद उलगडून बसणारी माणसं पाहिजेत.

हिशेबनीस

हे पटलं. पण पीएच.डी.नंतर नोकऱ्या आहेत का, तेही सांगा.

राशोलची_वाट

कमी आहेत, आणि ते लपवू नये. मानव्यविद्येत कायमच्या प्राध्यापकीच्या जागा दुर्मीळ झाल्यात. म्हणून माझा सल्ला असा: पीएच.डी. विद्यावेतन मिळालं तरच करावी. एम.ए.साठी मोठं कर्ज काढू नये. काही डिव्हिनिटी स्कूल चांगली शिष्यवृत्ती देतात, तिथे अर्ज करावा. आणि पदवीच्या काळात एखादं पोटाचं कौशल्य हाताशी ठेवावं. तुमच्या मुलाला प्रोग्रॅमिंग येतंच. हस्तलिखितांच्या डिजिटल संग्रहांवर काम करणाऱ्यांना हे दोन्ही येणारा माणूस लागतो.

रात्रपाळी

मी शिकागोत आयसीयू नर्स आहे. एक वाट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. हॉस्पिटलमधले चॅप्लिन, म्हणजे रुग्णांना आणि घरच्यांना आध्यात्मिक आधार देणारी माणसं.

गेल्या हिवाळ्यात एका गुजराती आजोबांचे शेवटचे तास चालू होते. घरचे गोंधळलेले. आमची चॅप्लिन प्रेस्बिटेरियन पाळक आहे. ती आली, खुर्ची ओढून मुलापाशी बसली आणि आधी विचारलं, “बाबांना काय ऐकायला आवडायचं?” मग घरच्यांना फोनवर विष्णुसहस्रनाम लावू दिलं, घरून तुळशीचं पान आणि गंगाजल आणायला सांगितलं, आजोबांना गिळता येणार नाही म्हणून नुसता ओठांना थेंब लावायचं डॉक्टरांशी बोलून ठरवलं. स्वतःच्या धर्माचा एक शब्द मध्ये आणला नाही. नंतर मी तिला विचारलं की हे तुला कसं माहीत. ती म्हणाली, कॉलेजात हिंदू परंपरांवर एक कोर्स होता, आणि बाकीचं लोकांनाच विचारायचं.

इथे प्रमाणित चॅप्लिन व्हायला साधारणपणे पदव्युत्तर थिऑलॉजीचं शिक्षण आणि हॉस्पिटलमधलं पर्यवेक्षणाखालचं प्रशिक्षण लागतं. पगार कॉम्प्युटरवाल्यांइतका नाही. पण रात्री तीन वाजता त्या मजल्यावर सगळ्यांना हवं असलेलं माणूस तेच असतं.

अबोली_७

डोळ्यांत पाणी आलं.

भिंगारची_लेक

काय बोलू, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी. आज मुलाशी फोनवर सविस्तर बोललो. कॉम्प्युटर सोडणार नाही, डबल मेजर करणार. विभागाच्या सल्लागारांना विचारलं, दोन्ही चार वर्षांत बसतात, पण उन्हाळ्यात एक कोर्स घ्यावा लागेल. नवरा तयार झाला. मी मुलाला सांगितलं की पौलाच्या पत्रांचं परत समजाव, या वेळी मी वही घेऊन बसते. राशोलताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा तो विचारत होता की नगरच्या मिशनचे जुने कागद कुठे असतील? माझ्या आजोबांच्या आधीच्या काळातले.

राशोलची_वाट

त्याच्या हाताशीच आहेत! अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली नगरला काम सुरू झालं. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळांसाठी आयुष्य घातलं. ही माणसं बोस्टनला सतत पत्रं आणि अहवाल पाठवत. त्या बोर्डाचा दफ्तरसंग्रह हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा असतो, त्यासाठी विभागाकडे प्रवासखर्च मागता येतो, त्याने आत्तापासून चौकशी करावी. आणि ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झालं. मिशनऱ्यांच्या पत्रांत एक बाजू दिसते. दुसरी, नव्याने ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांची, या मराठी लिखाणात शोधावी लागते. त्याला मराठी वाचता येतं का?

भिंगारची_लेक

बोलतो छान. वाचताना अडखळतो, जोडाक्षरांशी थांबतो. सासूबाई रविवारी व्हिडिओवर शिकवायला तयार आहेत. पाळक नाही तर नाही, पण ‘ज्ञानोदय’ वाचणार म्हटल्यावर त्यांची कळी खुलली.

निरंजन_के

वा! माझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. त्याचा प्रबंध झाला की इथे जरूर कळवा.

करड्या_पेन्सिली

एक अगदी व्यवहारातली गोष्ट राहिली. ग्रीक. बहुतेक ठिकाणी पहिलं ग्रीक फक्त शरद सत्रात सुरू होतं. या वर्षी चुकलं तर एक अख्खं वर्ष जातं, आणि पुढच्या शिक्षणासाठी किमान दोन वर्षांचं ग्रीक असलेलं बरं. मेजर जाहीर करायच्या आधी त्या वर्गात जागा आहे का ते बघायला सांगा.

भिंगारची_लेक

आत्ताच मेसेज केला त्याला. क्लासिक्स विभागात शिकवतात म्हणे, नोंदणी एप्रिलमध्ये उघडते. त्याने तारीख लिहून ठेवली आहे.